व्हेंटिलेटरची गाडी कशाला

थोरले बंधू लिंबागणेशला ओट्यावरून घसरले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया त्याच दिवशी संभाजीनगरला व्हायची होती, म्हणून मी बीडच्या एका खासगी रुग्णवाहिकेच्या चालकाला फोन लावला. गाडी व्हेंटिलेटरचीच हवी, असा पुतण्याचा हट्ट होता. साध्या गाडीतून नेले तर भावकी नावे ठेवील, असे त्याला वाटे. भाडे ऐकून मी शाळेतल्या सवयीने त्याची फोड मागितली.

"गुरुजी, अंतर जाऊन-येऊन धरावं लागतं, येताना गाडी रिकामीच असती. व्हेंटिलेटर आला की तो चालवणारा माणूस आला. तिथं थांबलो तर त्याचं येगळं. अन् ती गाडी दुपारशिवाय मोकळी न्हाई. पेशंटला दम लागतोय का?"

प्रश्न रास्त होता. मी तो खाटेवरच्या बंधूंना विचारला.

"दम कशाचा? पाय मोडलाय माजा. ती मशीन भावकीला लावा."

गावातल्या डॉक्टरांनीही साधी गाडी पुरेल असे सांगितले. ती अर्ध्या तासात दारात आली. दुपारी बंधूंना शस्त्रक्रियेसाठी आत नेले, तेव्हा भावकीतले तिघे पुतण्याला फोनवर गाडी कोणती होती, हेच विचारत होते.