लेकीच्या अर्जातला बाप

लेकीला कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण तिथली फी आमच्या वाडीतल्या, वादळातून उरल्यासुरल्या पोफळींना झेपणारी नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाहीतर नाही. तिने नेटवर शोधशोधून मुंबईच्या एका ट्रस्टचा अर्ज भरला. 'वकील का व्हायचंय' यावर एक पान लिहायचं होतं. ते लिहून ती परीक्षेला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, उत्पन्नाचा दाखला जोडा आणि पाठवून द्या. बाकी कशाला हात लावू नका."

मी लावला. घरातला शहाणा ना मी!

त्या पानावर मीच होतो. वादळानंतर शेजारचा रिसॉर्टवाला आमच्या पडवीत आला, मला दोनदा 'शेठ' म्हणाला आणि वाडीतून रस्ता काढायचा कागद पुढे केला. मी न वाचता सही ठोकली. त्यात माझ्या विधवा वहिनीची विहिरीकडे जायची वाट गेली. तिथे कुंपण आलं. 'काकू आता कळशी घेऊन लांबून फिरून जाते. आमच्या घरात कागद वाचणारं कुणीतरी हवं,' असं लेकीने लिहिलं होतं.

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. तेवढं मी पुसलं आणि लिहिलं, 'वडिलांच्या प्रेरणेने मी कायद्याकडे वळले.' वर दोनदा वाचून पाहिलं. छान वाटलं, हे सांगायला आज तोंड नाही.

मुलाखत फोनवर झाली, व्हिडिओ लावून. मी दाराआड उभा. ट्रस्टच्या बाई विचारत होत्या, "वडिलांनी नेमकी काय प्रेरणा दिली?"

लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. वाटलं, आता सांगणार. पण ती म्हणाली, "ते... ते खूप वाचतात." बाईंनी "काय वाचतात?" विचारलं, तर म्हणाली, "पेपर."

शिष्यवृत्ती गेली. पोर भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या एका ट्रस्टची मुदत आठवड्यावर होती. मी म्हटलं, "ते सगळं परत घाल. आणि एक ओळ वाढव. सही करताना वहिनी चहा घेऊन आली होती. 'भावोजी, आधी वाचून दाखवा,' म्हणाली होती."

"हे मला कुठे माहीत होतं?"

"म्हणून तर सांगतोय."

"मग आधी काकूला विचारून या. तिचं आहे ते."

वहिनी सुपाऱ्या सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिहा की. पण तुम्ही मला काय उत्तर दिलंत, तेपण लिहा. 'बायकांनी कागदात नाक खुपसू नये.' त्या परक्या माणसासमोर म्हणालात. तो हसला होता."

ते मी साफ विसरलो होतो. ती नव्हती विसरली.

घरी येऊन लेकीला जसंच्या तसं सांगितलं. तिने वर न बघता टाइप केलं, त्या हसण्यासकट. मी शेजारी बसून राहिलो. उठून जावं असं फार वाटत होतं.