आत्याबाईंनी घेतलेलं नाव

आमच्या आत्याबाईंच्या आठवड्यात सोमवार नव्हता. ऐतवार संपला की "त्येच्या म्होरला वार" यायचा आणि मग एकदम मंगळवार. कारण माझ्या सासऱ्यांचं नाव सोमा. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी माझ्या या सासूबाईंची पक्की समजूत. कोऱ्हाळ्याहून बावड्याला नवी सून म्हणून आले, तेव्हा मी त्यावर एकदा फिस्सकन हसले. त्यांनी हातातली परात आपटली. "दात काय काढतीस? आईनं हेच शिकवलं व्हय?" तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

गोड बोलणं त्यांना बाधत असावं. माझी भाकरी पाहून म्हणायच्या, "कुत्र्याला टाकली तर कुत्रं आपल्यालाच चावंल." मी बारावी शिकलेली, हा माझा आणखी एक गुन्हा. मीही काही गरीब गाय नव्हते. एका शब्दाला दोन द्यायची. शेजारीपाजारी भिंतीला कान लावून बसायचे.

फक्त मामंजींशी त्या कधी भांडल्या नाहीत. मामंजींच्या वडिलांची मेंढरं होती. मामंजींनी ती विकून ऊस लावला. अबोल, सरळ माणूस. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं काहीतरी हरवायला लागलं. आधी स्वतःच्या मळ्याची वाट चुकले. मग कधीच विकलेली मेंढरं परत आली. "मेंढरं कोंडली का गं?" म्हणून दिवसभर विचारायचे. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार, औषध नाही, सांभाळा. गावानं त्याला म्हातारचळ म्हटलं. गिरणीवाल्या बाईच्या तोंडून हा शब्द एकदा ऐकला, तर आत्याबाईंनी त्या गिरणीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. दळण लांबच्या वाडीवरून यायला लागलं, आणि ते डोक्यावरून वाहायचं कुणी? मीच!

भेटायला येणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. इथं मात्र मी त्यांच्या बाजूची. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, मामंजींच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं आणि विचारायचं, "वळखलं का? सांगा बरं, मी कोन?" ते कावरेबावरे झाले की चुकचुकत चहा प्यायचा. एका चुलतदिराला आत्याबाई म्हणाल्या, "तू काय शाळेचा सायेब हाईस, परीक्षा घ्याला? बशी ठिव खाली आन् नीघ." तो अर्धा चहा टाकून उठला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आणि मग मामंजी आत्याबाईंनाच विसरले.

आंघोळीला पाणी काढलं तर अंग चोरून बसले. "परक्या बाईनं हात लावायचा न्हाय." त्यांच्या हातचा घासही घेईनात. माझा नवरा भरवायला बसला तर त्याला मारायचे. पोट खपाटीला गेलं. कन्हेरीहून वन्सं, म्हणजे माझी नणंद, जीप घेऊनच आल्या. "आई, तुला त्ये वळखत न्हायत. मग तू जवळ असलीस काय आन् नसलीस काय? मी न्हेते त्यास्नी." मला वन्संच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आत्याबाईंनी ताट वाढायला घेतलं. मग म्हणाल्या, "यवढी येळ माझ्या हातनं खातील का बघती. न्हायच खाल्लं तर ने."

वन्सं जीपपाशी थांबल्या. आम्ही दोघी ताट घेऊन आत गेलो. मामंजींनी ताटावर हात आडवा धरला. "कुनाची गं तू, बाई? मालकाचं नाव सांग तुझ्या. त्येच्या कानावर घालतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग की गं."

"मी कशी सांगू? माझे सासरे ते." बारावी शिकलेली मी, पण माझीही जीभ उचलेना. नाव तर त्यांचंच, आणि ते सांगायला आम्हा दोघींना तोंड नव्हतं.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "सोमा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटलाच नाही.

मामंजी विचारात पडले. "सोमा व्हय? त्यो तर मेला की गं. कवाच."

आत्याबाईंनी ताट खाली टेकवलं. मामंजींना त्यांची दया आली. "आरारा! मग तुला कोन न्हाय व्हय? बस. वाढ. तूबी खा चार घास."

जीप रिकामी गेली. पण त्यानंतर रोज ताटापुढं तोच प्रश्न. "तुझा मालक?" आत्याबाई म्हणायच्या, "गेला." मगच घास आत जायचा. एकदा त्यांनी "हाय" म्हणून पाहिलं, तर ताट भिंतीवर गेलं. म्हणून मग रोज, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, "गेला." चुलीपुढं आल्या की गळ्यातलं डोरलं डोळ्यांना लावायच्या आणि माझ्यावर खेकसायच्या. मी उलट उत्तर द्यायची, पण जरा हळू.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजी झोपेतच गेले. बायका जमल्या, गळे काढले. आत्याबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. "दगड हाय बाई," कुणीतरी कुजबुजलं. वन्संनी त्यांना गदागदा हलवलं. "आई, रड गं!"

"कुठल्या तोंडानं रडू?" आत्याबाई म्हणाल्या. "रोज त्येंच्याम्होरं बसून त्येस्नी मेला म्हनत हुते. म्याच मारलं त्येस्नी."

मला राहवलं नाही. "मारलं कुठं? तसं म्हणालात म्हणून तर वर्षभर जेवले. तुमच्याच तोंडानं जगले ते."

आत्याबाईंनी मान वर केली. माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की आता शिवी येणार.

"लई शानी हाईस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पदरात तोंड खुपसून हंबरडा फोडला.