अवयवदानाचं हळदीकुंकू

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या महिला मंडळाचा फोन आला, तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. "मॅडम, आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यंदाची थीम अवयवदान आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तुमचा अनुभव शेअर कराल ना?" गेल्या वर्षी त्यांची थीम प्लास्टिकमुक्ती होती आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटले होते. हे त्यांनी स्वतःच, मोठ्या कौतुकानं सांगितलं.

माझा अनुभव म्हणजे माझा नवरा. स्कूटरवरून पडायचं निमित्त झालं आणि त्याचा मेंदू गेला. बाकी शरीर मशीनच्या जोरावर चालू होतं. "राख होण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू," असं तो जिवंतपणी चहा पिता पिता म्हणायचा. म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर मी हो म्हटलं. दोन्ही किडन्या दिल्या, यकृत दिलं, डोळे दिले. कळव्याचे माझे दीर तेराव्याला जिलबी खाता खाता पाहुण्यांना सांगत होते, की वहिनीनं दादाला अर्धवट पाठवला. दादा जिवंत असताना ह्यांच्या घरातला गळका नळसुद्धा दादानंच येऊन बघायचा. तेव्हा दादा अख्खा लागायचा.

तरीही मी गेले. माझ्या नवऱ्याचं ऐकून एका जरी माणसानं अवयवदानाला मनापासून हो म्हटलं, तर मी केलं ते वाया गेलं नाही असं मला वाटलं असतं. तेवढंच मला हवं होतं. ठाकुर्लीहून निघाले आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून भाषण पाठ करत राहिले.

क्लबहाऊसच्या दारात येणाऱ्या प्रत्येकीला अध्यक्षीणबाई हळदीकुंकू लावत होत्या. काळ्या पैठण्यांची नुसती रांग लागली होती. त्यांचं बोट माझ्या कपाळाजवळ आलं, त्यांनी माझा मोकळा गळा पाहिला आणि बोट तसंच मागे गेलं. "मॅडम, तुमचा सत्कार वेगळा आहे हं," असं म्हणून त्यांनी हातात गुलाब दिला. मी तो घेतला आणि आत जाऊन बसले.

भाषणाआधी नखं निळी रंगवलेली एक पोरगी मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "काकू, थोडं स्माईल करा ना, रील छान येईल." हिला माझ्या नवऱ्याचं मरणसुद्धा गोड दिसायला हवं होतं. मनातल्या मनात मी तिच्या दोन मुस्काटात मारल्या.

मी बोलले. बायका रडल्या, पण काजळ सांभाळून. मग अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ दिली, 'मी माझे अवयव दान करीन.' सगळं सभागृह एका सुरात म्हणालं. एवढ्या स्वस्तात पुण्य मिळत असेल तर कोण सोडतंय! त्यानंतर वाण आलं. स्टीलचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर स्टिकर, 'अवयवदान, श्रेष्ठ दान'. डबे वाटत वाटत बाई माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि पुढे गेल्या.

"मला?" मी विचारलं.

"अहो मॅडम, ते वाण आहे ना... सवाष्णींचं."

तिथे माझं डोकं फिरलं. मी माईक उचलला. "माझ्या नवऱ्याच्या यकृतावर आज कुणीतरी जगतोय. त्याची बायको आत्ता अशाच कुठल्यातरी हॉलमध्ये हळदीकुंकू घेत असेल. तिला तुम्ही वाण द्याल. ते यकृत ज्या घरातून गेलं, त्या घरच्या बाईला नाही." मग टेबलावरचा करंडा घेऊन मी पहिल्या रांगेसमोर उभी राहिले. "आता माझ्या हातचं कोण घेतंय?"

अध्यक्षीणबाईंना अचानक महत्त्वाचा फोन आला. एकीला सासूबाई आठवल्या. एक म्हणाली, "माझं काही नाही हो, पण आमच्याकडे चालत नाही." दुसऱ्याला किडनी द्यायला ज्यांनी आत्ताच हात वर केले होते, त्या चिमूटभर कुंकवाला घाबरून मान मागे घेत होत्या. इतकी कीव मला दिरांचीही कधी आली नव्हती.

तेवढ्यात निळ्या नखांची पोरगी मधल्या वाटेनं पुढे आली. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि कपाळावरचे केस बाजूला केले.

"लावा, काकू."

"नवरा आहे ना तुला?" मी जरा कडकच विचारलं.

"आहे ना, खाली पार्किंगमध्ये वैतागलाय." मी कुंकू लावलं. ती हळूच म्हणाली, "काकू, मघाशी मी हात वर नव्हता केला. व्हिडिओ काढत होते ना. पण माझं नाव धरा. घरी जाऊन त्याच्याशीही बोलते. खरंच."

ती तशीच कपाळ पुढे करून उभी होती.

"काकू, हळद राहिली."

हळद आधी लावायची असते हेसुद्धा मी विसरले होते. मी चिमूट भरली. कपाळाचा नेम चुकला, आणि सगळी हळद तिच्या नाकावर सांडली.