मामाचा हात आणि गॅलरीतला लेथ

आईचा फोन आला तेव्हा मी द्रोणागिरीच्या गोदामांतल्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रक लिहीत होते. ‘दत्तामामा गेला,’ एवढंच ती म्हणाली. मी सारसोळ्याला त्याच्या घरी पोचले, तर गॅलरीतल्या छोट्या लेथवर त्याचा चष्मा तसाच ठेवलेला होता...

मामा साताऱ्याकडून आलेला टर्नर, लेथवर धातू कातणारा. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारे लेथ आले आणि त्याला घरी बसवलं. त्या वेळी गेटवर वाटलेली पत्रकं वाचतच मी मोठी झाले. त्यामुळे गेल्या वर्षी त्यानं आपल्या लेथला स्टेपर मोटरी जोडून तो कॉम्प्युटरवर चालवायचं ठरवलं, तेव्हा मी भडकले.

‘ज्यानं तुझी भाकरी खाल्ली, त्यालाच घरात आणतोयस?’

‘भाकरी मालकानं खाल्ली गं. मशीनला कुठं तोंड हाय?’ मामा हसला. मग म्हणाला, ‘मला एवढंच बघायचंय, माझ्या हातात असं काय होतं जे ह्याला येत न्हाई. काहीच नसंल तर... तेबी कळू दे.’

मोटरी फिरल्या, पण बुद्धिबळातलं पितळेचं प्यादं काही जमेना. कातणारं टूल मागं घेतलं की प्याद्याची पुढची पायरी मापापेक्षा बारीक यायची. त्यानं वायरी बदलल्या, मोटरी उघडल्या. शेवटी मी चिडून म्हटलं, ‘एकदा हातानं करून दाखव.’ त्यानं हँडल फिरवलं.

‘मापाच्या मागं नेऊन परत पुढं का आणलंस?’

‘मी? कधी?’

त्यानं पुन्हा फिरवलं, या वेळी स्वतःच्या हाताकडे बघत. टूल सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांत थोडा ढिलेपणा होता. मामाचा हात असं मागं-पुढं करून तो दर वेळी काढून टाकायचा, मामाला न विचारता. ‘हायला,’ तो लहान मुलासारखा म्हणाला, ‘एवढी वर्षं हे मी कुणाला शिकवलंच न्हाई. मलाच ठाऊक नव्हतं!’ त्यानं ती हालचाल प्रोग्राममध्ये लिहिली आणि प्यादं मापात आलं. ‘पत्रकात छाप हे,’ म्हणाला.

मालकांवरचा माझा राग तसाच आहे. पत्रकातली यंत्राला शिव्या देणारी ओळ मात्र मी खोडली.

काल मामीनं विचारलं, ‘विकून टाकायचा का गं?’ मी लेथ चालू केला. मामानं हँडल काढलेलं नव्हतं. मोटरीबरोबर ते फिरलं, मापाच्या जरा मागं गेलं, थबकलं... आणि हलकेच पुढं आलं. मामी पदराला हात पुसत जवळ आली. तिनं वाकून हँडलकडे बघितलं.

मग म्हणाली, ‘परत लाव बघू.’