उजवीकडून पहिली टाइल

वस्तू सरळ लावणं, एवढंच माझं काम. तीस वर्षं मी तेच करतोय. आरसे, चित्रं, काचेच्या पेट्या, एकदा तर एका दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याच्या वडिलांचा दाराएवढा फोटो. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की माझा जीव शांत होतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात आणि मी त्यावर खूश असतो. बायकोचं म्हणणं असं, की भिंतीवरची वाकडी वस्तू मला शंभर पावलांवरून दिसते, पण स्वतःतलं काही दिसत नाही. हे तिचं बोलणं मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं. आता नेत नाही.

लिहायचं आहे ते मावशींबद्दल. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळलं.

मावशी राजवाड्यात फरशी पुसायच्या. राजवाडा म्हणजे नावाचाच, राजा कधीच गेला. वरच्या दालनांत प्रदर्शनं भरतात, खाली कचेरी आहे आणि मागच्या अंगणात गाड्या लागतात. मावशींचं वय साठीच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. त्यांच्या पोछ्याच्या दांड्याच्या वरच्या टोकाला एक जुना पायमोजा बांधलेला असे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. मग कळलं, मागे सरकताना दांडा एखाद्या वस्तूला किंवा काचेला लागू नये म्हणून तो मोजा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उघड्या वस्तूजवळून जाताना त्या हात पाठीशी बांधून जायच्या, शाळेतल्या मुलीसारख्या. नऊ वर्षांत त्यांच्या हातून साधा टवकाही उडाला नाही. माझ्या हातून दोन उडाले आहेत, पण ते मी भरून घेतले.

त्यांचे वडील थडग्यांच्या दगडांवर अरबी अक्षरं कोरायचे. म्हातारपणी त्यांची नजर गेली, तेव्हा शाळकरी मावशी शेजारी बसून अक्षरं वाचून दाखवायच्या आणि छिन्नी कुठे आली ते सांगायच्या. एक अक्षर चुकलं की दगड फुकट जायचा आणि त्या माणसाच्या घरच्यांपुढे मान खाली घालावी लागायची. हे सगळं मावशींनी मला एकदा जिन्याखाली चहा पिताना सांगितलं होतं. म्हणजे त्यांना ती लिपी येते, हे मला माहीत होतं. पुढे जे झालं, त्यात मला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही.

नवरा ट्रकवर होता. तो एका फेरीवर गेला आणि परत आलाच नाही. मेला वगैरे नाही, नुसता आला नाही. मावशींनी एका शाळेची आणि एका दवाखान्याची झाडलोट करून मुलीला शिकवलं. ती आता राजवाड्याच्या तिकीट खिडकीत बसते. नोकरी कराराची, दर तीन महिन्यांनी जीव टांगणीला. दुपारी डबा खाताना मावशी खिडकीकडे पाठ करून बसायच्या. मी चेष्टेने विचारलं, लेकीशी भांडलात की काय. तर म्हणाल्या, नाही हो, तिचं लक्ष कामात राहू दे.

त्या वर्षीचं प्रदर्शन जुन्या इस्लामी कारागिरीचं होतं. चांदीची तार ठोकून बसवलेल्या पितळी सुरया, मशिदीत टांगायचे काचेचे दिवे, हस्तिदंत जडवलेली लाकडी दारं, रेशमी कापडांचे तुकडे. असं काम मी जन्मात हाताळलं नव्हतं. एका सुरईच्या मानेवर तांदळाएवढे ससे एकामागे एक पळत होते आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. ते बघून मला माझ्या स्क्रूंची लाज वाटली होती. ती चांगली लाज होती. दुसरी कसली असते ते नंतर कळलं.

मोठ्या दालनात समोरच्या भिंतीवर नऊ टाइल्स लावायच्या होत्या. निळ्या जमिनीवर पांढरी वेल आणि प्रत्येक टाइलच्या मधोमध चौकटीत अरबी लिपीतला एकेक शब्द. कुठल्याशा कारंज्याच्या अंगणातून शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या. काढताना कुणीतरी प्रत्येकीच्या मागे कोळशाने आकडा घातला होता, एक ते नऊ. प्रदर्शनाच्या प्रमुख मॅडम त्या दिवशी उरलेली खोकी सोडवायला बंदरावर गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, नंबर आहेत आणि मिस्त्री आहेत, मला काळजी नाही.

मी एक नंबर डाव्या टोकाला लावला. माझे हात डावीकडूनच सुरू होतात, त्यात विचार कसला करायचा? वेल एका टाइलवरून दुसरीवर अलगद सरकत होती, कारण ती सगळीकडे सारखीच होती. पाचवी टाइल बसली तेव्हा मावशी बादली घेऊन आल्या. बराच वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग शिडीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, हे उलटं चाललंय. ही लिपी उजवीकडून वाचतात. एक नंबर त्या टोकाला हवा."

हळूच सांगितलं होतं त्यांनी. पण खाली रंगारी आणि इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी ऐकलं आणि तेवढंच मला झोंबलं.

"मावशी, फरशी तुमची, भिंत माझी," मी शिडीवरून म्हणालो. रंगारी खो खो हसला. मावशींनी बादली उचलली आणि त्या शेजारच्या दालनात गेल्या.

नऊही टाइल्स लावून झाल्यावर मी रिकामं खोकं आवरायला घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने एक लांब बाण काढलेला होता, उजवीकडून डावीकडे जाणारा. मी तो पाहिला. नीट पाहिला. हमालांसाठी असेल असं स्वतःला सांगितलं आणि झाकण भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं. नऊ टाइल्स पुन्हा उतरवायच्या, तेही रंगाऱ्याच्या डोळ्यांदेखत, हे माझ्याच्याने झालं नसतं.

उद्घाटनाला एक वयस्कर प्राध्यापक आले होते. त्या भिंतीसमोर उभं राहून त्यांनी ओठ हलवले, पुन्हा हलवले आणि मॅडमना अगदी सौम्यपणे विचारलं, की वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे लावण्यामागे काही विचार आहे का. मूळ वाक्याचा अर्थ असा होता: आलेल्या माणसा, पाणी पी, सावलीत बस, मग तुझं काम सांग. आमच्या भिंतीवर आलेल्या माणसाला आधी कामाचं विचारत होते आणि पाणी शेवटी. पाहुणे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं आणि विचारलं, मागे नंबर होते ना? त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"पुसट झाले होते, मॅडम," मी म्हणालो. "मावशींनी ओला फडका फिरवला असावा."

'असावा' हा शब्द मी मुद्दाम घातला. खोटं बोलतानाही मी पळवाट ठेवली होती.

सोमवारी राजवाडा बंद असतो. प्राध्यापकांनी बरोबर क्रम कागदावर लिहून दिला होता, तो घेऊन मी एकटाच गेलो. एकेक टाइल उतरवून उपडी केली. मागे आकडे होते, ठसठशीत. शंभर वर्षांपूर्वी माझ्याच जातकुळीच्या कुणा मिस्त्रीने, पुढच्याची अडचण होऊ नये म्हणून घातलेले. मी फडका ओला केला आणि नऊही आकडे पुसून टाकले. मग आठ टाइल्स जागेवर लावल्या आणि नववी टेबलावर उपडी ठेवली, मॅडमना दिसावी म्हणून. फडका पिळला तेव्हा पाणी काळं आलं. ते पूर्ण जाईपर्यंत मी नळ चालू ठेवला.

मंगळवारी मॅडमनी टाइलची कोरी पाठ पाहिली आणि मावशींना कचेरीत बोलावलं. मावशी म्हणाल्या, मी हात लावलेला नाही. बुधवारी त्या आपणहून कचेरीत गेल्या आणि त्यांनी माफी मागितली. हे मला पहारेकऱ्याने सांगितलं. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. माफी मागितली म्हणजे यांचाही फडका कुठेतरी लागला असेल, असंसुद्धा मी स्वतःला पटवून पाहिलं. ज्याने स्वतःच्या हाताने आकडे पुसले, तो माणूस हे पटवत होता.

मावशींना दालनातून काढून मागच्या अंगणातल्या शौचालयांवर टाकलं. माझं हत्यारांचं कपाट त्याच अंगणाच्या वाटेवर होतं. तीन आठवडे मी साध्या स्क्रूड्रायव्हरसाठी अख्ख्या राजवाड्याला वळसा घालून जात होतो. घरी जेवताना बायकोने विचारलं की तोंडाची चव गेली का, तर तिच्यावरच खेकसलो. मग एके दिवशी वळसा घेऊन आलो, तर मावशी कपाटाजवळच झाडत होत्या. पळायला जागा नव्हती.

"मिस्त्री, गुडघा दुखतो का?" त्यांनी विचारलं. "हल्ली लांबून जाता."

त्यात टोमणा नव्हता. नाहीतर मी त्या टोमण्याला धरून चिडलो असतो आणि सुटलो असतो. मी हो म्हणालो, गुडघाच, आणि तसाच लंगडत निघालो. होय, लंगडलोसुद्धा. कोपऱ्यापर्यंत लंगडलो आणि तिथे मला स्वतःची इतकी किळस आली की हत्यारांची पिशवी खाली ठेवून मी सरळ कचेरीचा जिना चढलो.

मॅडमना सगळं सांगितलं. मावशींनी आधीच सांगितलं होतं हे, बाण पाहिला हे, फडका हे. त्या म्हणाल्या, "शंभर वर्षांपूर्वीच्या हाताचे आकडे होते ते, मिस्त्री." माझं डोकं फिरलं. तिकडे एक बाई तीन आठवडे संडास धुते आहे आणि यांना आकड्यांचं पडलंय. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? पुढच्या प्रदर्शनाला मला बोलावणार नाहीत आणि मावशी उद्यापासून पुन्हा दालनात येतील, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली.

तिथून अंगणात आलो. मावशी बेसिन घासत होत्या. मी सांगायला लागलो, की चूक माझी होती, आकडे मीच पुसले, मॅडमना आत्ताच कबूल करून आलोय, उद्यापासून दालन तुमचं. शेवटचं वाक्य बोलताना, जणू मीच उपकार करतोय असा माझा सूर लागला होता. तो माझा मलाच ऐकू आला आणि मी थांबलो.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले.

"मला काय सांगता मिस्त्री, मी होते ना तिथे," त्या म्हणाल्या. "मॅडमना सांगितलंत, बरं केलंत. आता माझ्या मुलीला सांगा. ती माझ्याशी बोलत नाही."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, आता तर मॅडमनाही कळलंय. माझा पाय तिकीट खिडकीकडे वळत नव्हता, दुसरं काही नाही.

"मी सांगितलं होतं तिला," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा बेसिनकडे वळल्या.

खिडकीसमोर रांग होती. मी रांगेत उभा राहिलो, कारण मध्ये घुसून बोलायची हिंमत नव्हती. माझ्यामागे मुलांना घेऊन आलेलं एक जोडपं होतं. खिडकीच्या काचेला बोलायचं भोक फार खाली आहे, तिथे वाकावंच लागतं. मी वाकलो आणि म्हटलं, टाइलवरचे आकडे तुझ्या आईने पुसले नव्हते.

"ऐकू येत नाही, काका," ती म्हणाली. "मोठ्याने बोला."

ती मुद्दाम तसं म्हणाली नाही, काच खरंच जाड आहे. मी मोठ्याने बोललो. आकडे मी पुसले, तुझ्या आईचं नाव खोटंच घेतलं, तिने मला सांगितलं होतं आणि मी तिला हसलो. त्या जोडप्यातली बाई मुलांना थोडं मागे घेऊन उभी राहिली.

मुलीने तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी काढणार. काढावी अशी इच्छाही होती.

"आईने मला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, तुझी सवयच आहे पुसायची, पुसलंच असशील. माझा करार या महिन्यात संपतो, माझं काम जाईल. जा आणि माफी माग. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली आणि माफी मागून आली."

ज्या माफीवर मी तीन आठवडे झोपलो होतो, ती माफी अशी होती.

तिने तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तिच्यासमोर जायला तुम्हाला किती दिवस लागले?"

"तीन आठवडे," मी म्हणालो.

ती उठली, परत बसली, पुन्हा उठली. खिडकीवर 'बंद'ची पाटी सरकवली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडून अंगणाकडे चालायला लागली, मग पळायलाच लागली. रांगेतली माणसं माझ्यावर चिडली. मी त्यांचं ऐकून घेत तिथेच उभा राहिलो.