बीपी सगळ्यांची, वसंतभाऊंची सोडून

रक्तदाब मोजताना माणसानं मिनिटभर गप्प बसावं, असं शास्त्र सांगतं. आमच्या सौंसर-पांढुर्ण्यात हे शास्त्र अजून पोचलेलं नाही. दंडाला पट्टा बांधला की माणूस बोलायला लागतो! सून, जावई, कापसाचा भाव, काल लाइट कधी गेली. पट्ट्यात हवा भरत जाते आणि माझ्या डोक्यात किस्से. आता इतके साचलेत की थोडे तुमच्याकडे रिकामे करतो. सगळं अगदी असंच घडलं का, अशी मला शंका आहे. पण ती मला प्रत्येकच गोष्टीची असते.

आमची टोळी तिघांची. मी सामाजिक आरोग्य शिकवून निवृत्त झालेला प्राध्यापक. कोणत्या समाजात कोणता आजार जास्त आणि का, हा माझा विषय. नंदाताई पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतल्या, सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या सिस्टर. आणि वसंतभाऊ, सौंसरजवळचे संत्रा बागायतदार. जीप त्यांची, डिझेल त्यांचं आणि मोठा आवाजही त्यांचाच. रविवारी एखाद्या मोहल्ल्यात जाऊन आम्ही फुकट बीपी-शुगर तपासतो.

भाऊ अख्ख्या गावाला ओढून खुर्चीत बसवतात. स्वतः मात्र कधी बसत नाहीत! त्यांच्या थोरल्या भावाला लकवा झाला, एक बाजू गेली. भाऊंचंही डोकं रोज सकाळी जड असतं. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, नंदाताईंचा हात धरून सांगितलं होतं, "ताई, काही बी करा, पण एकदा यांची मोजा."

भाऊंचं उत्तर ठरलेलं. "मले काय धाड भरली? बागेतली हवा खाऊन राहिलो मी!"

*

सौंसरच्या नोकरदार कॉलनीत बीपी म्हणजे मानाची गोष्ट. तिथे लोक फाइल घेऊन येतात. एक रिटायर बाबू तर स्वतःचं मशीन घेऊन आले.

"तुमची तपासायची आहे ना?" मी विचारलं.

"नाही सर, तुमचं मशीन तपासायचंय."

त्याच दिवशी दुपारी आम्ही शेतमजुरांच्या वस्तीत गेलो. बाबूंपेक्षाही मोठा आकडा एका बाईंचा निघाला. मी काळजीनं म्हटलं, "बाई, तुम्हाला बीपी आहे."

त्या हसल्याच! "नाही जी, बीपी पेन्शनवाल्याइले होते. आमाले थकवा येते."

हे वाक्य मला आधी ऐकायला मिळालं असतं, तर माझा प्रबंध निम्म्यावर आला असता.

*

पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीत, विहाराच्या ओट्यावर मात्र माझी परीक्षाच असते. तिथल्या बऱ्याच मुली नंदाताईंकडे बघून नर्सिंगला गेल्या. सुट्टीत घरी आल्या की आमच्याभोवती उभ्या राहतात. "सर, पट्टा थोडा खाली सरकला ना?" सरकलेला असतो!

एक म्हातारी आजी गोळ्यांच्या बाबतीत एकदम पक्की. मी कौतुक केलं, तर म्हणाली, "नंदा शिकली, मंग आमची वस्ती शिकली. गोळी कायले, कवा घ्याची, समदं समजते." आणि भाऊंकडे वळली. "तुमच्या घरी कोनी शिकलं का नाही जी? तुमची मोजली का?"

भाऊ म्हणाले, "टायरमदली हवा पाहून येतो."

टायरची तब्येत त्या दिवशी फारच नाजूक असावी. शिबिर संपेपर्यंत ते आलेच नाहीत.

*

तिगावच्या बाजूला एका शेतकरी घरी गेलो होतो. घर मोठं, अंगणात कापूस, दारात मोटारसायकली. खुर्चीत आधी सासरेबुवा, मग सासूबाई, मग थोरला, मग धाकटा. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक. तिची पाळी येईपर्यंत आमचं सामान आवरायची वेळ होते, हा नेहमीचा अनुभव.

नंदाताईंनी फर्मान काढलं, "आज उलटी लाइन. सगळ्यात लहान पयले!"

सासरेबुवा तापले. "अवो सिस्टर, मंग माहा नंबर कवा येईल?"

"तुमची सून जेवाले बसते ना, तवा!"

घरात अशी शांतता पसरली की त्या दिवशी पहिल्यांदाच रक्तदाब शास्त्राप्रमाणे मोजला गेला.

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, दोन गावांनी एकमेकांवर दगड फेकायची जुनी प्रथा. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. आम्ही मलमपट्टीचं सामान घेऊन सावरगावकडे बसलो होतो. डोक्याला पट्टी बांधलेला एक धिप्पाड गडी आला. नंदाताई म्हणाल्या, "आलाच आहेस तर शुगर पाहून घेऊ." आणि बोटाला टोचायची सुई काढली.

गडी चार हात मागे! "नाही ताई! सुई नाही!"

"अरे, एवढा मोठा दगड खाल्ला न?"

"दगडाचं काय, तो आंगावर धावून येते. सुई चुपचाप बसून घ्या लागते!"

भाऊ पोट धरून हसायला लागले. नंदाताईंनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "हसू नका भाऊ. हा सुईले भेते. तुमी तर पट्ट्यातल्या हवेले भेता!"

*

माझंही सांगून टाकतो. मी माझी बीपी सकाळी मोजतो. जास्त आली की शंका येते, म्हणून पुन्हा मोजतो. मग शंकेमुळे आणखी वाढते. एकदा नंदाताईंनी मशीनच काढून घेतलं.

"सर, तुमची बीपी आजाराची नाही," त्या म्हणाल्या, "अभ्यासाची आहे."

*

आणि हा किस्सा भाऊंच्या बागेतला. संत्र्याचा तोडा चालू होता, बाया झाडांवरची फळं उतरवत होत्या. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या सुमनबाई शिडीवरून उतरताना गरगरून खाली बसल्या. भाऊंनी घाबरून फोन केला. आम्ही मशीन घेऊन पोचलो. नंदाताई पट्टा बांधायला गेल्या, तर बाईंनी हात पदरात घेतला.

"पयले मालकाची."

"अवं, चक्कर तुले आली का मले?" भाऊ ओरडले.

"तुमी घोट घेतल्याबिगर आमी कवा चहा पेलो का जी? मंग हे कसं पयले करू?"

हे खरं होतं. त्या बागेत मालकानं कप तोंडाला लावल्याशिवाय कोणी चहा पीत नाही. कोणी नियम केलेला नाही, पण मोडतही नाही. झाडाखालच्या सगळ्या बाया हातातली संत्री तशीच धरून बघत राहिल्या. भाऊंनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्याच्या झाडाकडे पाहिलं.

भाऊंनी बाही वर केली.

आकडा इतका वर गेला की नंदाताईंनी मशीन माझ्यापुढे सरकवलं. मग सुमनबाईंची मोजली. तोच आकडा! मी पुन्हा मोजायला लावली. वरचा तोच, खालचाही तोच.

"मशीन बिघडली!" भाऊ म्हणाले. "मी तूप खातो, ही सुकी भाकर खाते. दोघाइची एकच कशी येईल? सर, तुमी सांगा!"

माझा अख्खा विषय वेगळेपणाचा. मी मशीन उलटसुलट करून बघितलं.

सौंसरच्या डॉक्टरांनी दोघांना गोळी दिली. तीसुद्धा एकच, रोज सकाळी. सुमनबाईंनी शिडीवर चढायचं नाही, असंही बजावलं.

मशीन खरंच बिघडलं असेल का, या काळजीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बागेत गेलो. सुमनबाई विहिरीजवळ तळहातावर गोळी घेऊन उभ्या होत्या. समोर भाऊ.

"घे ना वं गोळी!"

"तुमची झाली का, मालक?"

"मी घेईन मंग."

"मंग मी बी मंगच घेईन."

भाऊ लालबुंद झाले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अवं, माही गोळी आन!"

वहिनी धावतच आल्या. भाऊंनी गोळी गिळली. सुमनबाईंनी ती घशाखाली उतरेपर्यंत पाहिलं, मग आपली तोंडात टाकली, वरून पाणी प्यायल्या आणि संत्री निवडायला सावलीत बसल्या.

बसता बसता म्हणाल्या, "उद्या थोडी लवकर घेत जा जी. ऊन चढलं का तोडा खोळंबते."