कमरेवर वहिनी, कमरेखाली मी

वहिनींनी आजींचं तोंड दोन बोटांनी फाकवलं आणि गोमूत्राचा चमचा आत ओतला. एक. दोन. तीन. आजींना उमासे यायला लागले. अर्धं अंग लुळं, मान सावरत नाही, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी दाराबाहेर उभी. तासाभरापूर्वी माझी दोन बोटं त्याच तोंडात गेली होती. म्हणून हे धुणं चाललं होतं.

"जिभेखाली पण लागली का गं तुझी बोटं?" वहिनींनी विचारलं. माझ्याकडं न बघता.

"लागली असतील," मी म्हटलं.

चौथा चमचा.

झालं होतं असं. मंगळवार होता. वहिनी राहुकाळात बनशंकरी देवीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला जायच्या. दिवस गेले होते त्यांना, त्याचा नवस. निघायच्या घाईत त्यांनी सासूला केळ्याचे मोठे मोठे तुकडे भरवले आणि टांगा धरला. एक तुकडा अडकला. आजींना धड खोकताही येईना. तोंड काळंनिळं पडलं, डोळे पांढरे व्हायला लागले. मी बोटं घातली, तुकडा ओढून काढला. आजींनी श्वास घेतला. वहिनी परत आल्यावर मीच त्यांना सांगितलं. हौसेनं सांगितलं! येडीच मी. वाटलं, खूश होतील.

त्या घरात एक नियम होता. पहिल्याच दिवशी वहिनींनी तो सांगितला होता. "हे बघ, कमरेखालचं सगळं तुझं. कमरेवरचं माझं."

म्हणजे भांडं देणं, शी-शू काढणं, लुगडं बदलणं, पाठीखालच्या जखमांपैकी कमरेखालच्या जखमा पुसणं, हे माझं. भरवणं, तोंड पुसणं, वेणी घालणं, कुंकू नसलेल्या कपाळाला अंगारा लावणं, हे वहिनींचं. एकच बाई, एकच खाट. मधून रेघ. मी महाराची पोर. आम्ही नवा धर्म घेऊन काही वर्षं झाली होती, पण ते ह्या घराच्या गावी नव्हतं. माझ्या हाताला गू चालत होता, त्यांच्या सासूचं तोंड चालत नव्हतं. आणि गंमत बघा, मी ती रेघ वर्षभर पाळली. कंबर कुठं संपते हे मला त्या बाईच्या अंगावर बोट ठेवून सांगता आलं असतं.

मला ठेवलं होतं ते मराठीपायी. साहेब, म्हणजे वहिनींचे यजमान, पुण्याचे, इथं बेंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनियर. आजींना मराठीशिवाय काही कळत नव्हतं. कन्नड बाई ठेवली की आजी "शी" म्हणून ओरडायच्या आणि ती बाई पाणी आणायची. मराठी बोलणारी, पण हे काम करणारी, अशी कोण मिळणार? मी मिळाले. निपाणीची, मॅट्रिक पास, इथं मामाकडं राहायला आलेली. माझ्या निपाणीच्या बोलण्याला वहिनी हसायच्या. पुढं पुढं मी त्या घरात तोंडच कमी उघडायला लागले.

पण मी तिथं उगीच नव्हते गेले. मला नर्स व्हायचं होतं. मामाच्या शेजारच्या खोलीत मेरी अक्का राहायची, मिशनच्या हॉस्पिटलात मोठी नर्स. तिची धाकटी बहीण पश्चिम जर्मनीत नर्सिंग शिकत होती. तिकडच्या हॉस्पिटलांना पोरी हव्या होत्या. मेरी अक्कानं माझ्यासाठी पत्रं लिहिली आणि एका हॉस्पिटलाचं उत्तर आलं. जागा ठेवतो, म्हणाले. दोन कागद पाठवा. एक पासपोर्ट. आणि दुसरं, आजारी माणसाची शुश्रूषा केल्याचा दाखला.

पासपोर्टला तेव्हा जामीन लागायचा. कुणीतरी वजनदार माणसानं लिहून द्यायचं की हिला काही झालं तर परत आणायची जबाबदारी माझी. माझ्या मामासाठी कोण वजनदार? तो रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. म्हणून मी साहेबांना विचारलं. साहेब कधी ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे. म्हणाले, "आईची वर्षभर मनापासून सेवा कर. दोन्ही सह्या देतो."

त्या सह्यांसाठी मी रेघ पाळली.

गोमूत्राच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. बेळगावकडचे, म्हातारे, मराठी बोलायचे. आजींचा घसा बघून म्हणाले, "तुकडा कुणी काढला? शाबास! दोन मिनिटं उशीर झाला असता तर खेळ खलास होता."

"मीच काढला," वहिनी म्हणाल्या. "नशीब, घरी होते."

मी भांडं धरून उभी. मी आजींकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तोंड वाकडं झालं असलं तरी शब्द यायचे त्यांना.

"सून गुणाची आहे हं तुमची," डॉक्टर आजींना म्हणाले.

"हो," आजी म्हणाल्या. "सूनच."

वहिनींचा मला राग आला नव्हता एवढा त्या म्हातारीचा आला. जिचा श्वास माझ्या बोटांवर चालू झाला ती! मोरीत जाऊन मी भांडं आपटलं. त्याला पोचा पडला. वहिनी आतून म्हणाल्या, "हळू. जड हाताची आहेस बाई तू."

पंधरा दिवसांनी साहेब हसत घरी आले. त्यांना कारखान्यानं दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. पश्चिम जर्मनीच! वहिनी बरोबर जाणार, बाळ तिकडंच होणार, आजींना पुण्याला मोठ्या मुलाकडं पोचवायचं. मला समोर बोलावलं. आतल्या खोलीत, टेबलापाशी. तिथवर मी कधी गेले नव्हते.

"तुझं काम झालं बघ," साहेब म्हणाले. "आमच्याबरोबरच चल."

टेबलावर दोन टाईप केलेले कागद होते. खाली माझ्या सहीची जागा मोकळी. मी म्हटलं, स्वल्प थांबा, वाचून आणते, उद्या देते. साहेबांना हसू आलं. "वाच की."

मी कागद घेऊन धावत मेरी अक्काकडं गेले. तिनं चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

पहिला कागद पासपोर्टच्या जामिनाचा होता. त्यावर काम ह्या रकान्यात लिहिलं होतं: आया. मालक: साहेबांचं नाव. दुसरा कागद दाखला होता. सदर मुलीनं आमच्या घरी भांडी साफ करण्याचं व मैला काढण्याचं काम केलं आहे. प्रामाणिक आहे. सांगितलेलं ऐकते. बस. शुश्रूषा हा शब्द कुठंच नव्हता.

"अक्का, तिकडं पोचल्यावर मी हॉस्पिटलात गेले तर?" मी विचारलं.

मेरी अक्कानं बहिणीची पत्रं काढली. तिकडं कामाला परवाना लागतो, ती म्हणाली, आणि परवान्यावर मालकाचं नाव असतं. शिकणाऱ्या नर्सच्या परवान्यावर हॉस्पिटलाचं नाव. तीन वर्षं शीक, परीक्षा दे, मग हातात पदवी येते आणि कुठंही काम मागता येतं. आयाच्या परवान्यावर त्या घराचं नाव. त्या घरातून पाय बाहेर काढलास की परवाना गेला. परवाना गेला की तू गेलीस, परत इकडं. "सरी ना? कळलं?" ती म्हणाली. "हे दोन दरवाजे आहेत. आत गेल्यावर बदलता येत नाहीत. तुला मागच्या दरवाजातून नेतायत."

कळलं. जर्मनीत पण कमरेखालीच.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन टेबलापाशी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मला हॉस्पिटलाचं पत्र आलंय. तुम्हाला दाखवलं होतं. जामीन त्यासाठी द्या. आणि दाखल्यात लिहा की मी आजारी माणूस सांभाळला."

"अगं, पण तू नर्स झालीस तर बाळाला कोण बघणार?" साहेब म्हणाले. खरंच विचारत होते. त्यांना ह्यात काही वावगं दिसतच नव्हतं. "तिकडं गेल्यावर बघू."

"तिकडं गेल्यावर बदलत नाही, साहेब. परवाना तुमच्या नावाचा."

 मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात दारातून वहिनी बोलल्या.

"आणि हॉस्पिटलात काय करशील? लोकांच्या तोंडात बोटं घालशील? त्या बिचाऱ्यांना तुझी जात कोण सांगणार? खरं म्हणजे दाखल्यात तेही लिहायला हवं."

  माझी जीभ सुटली. वर्षभराची मुकी जीभ.

"लिहा," मी म्हटलं. "जात लिहा. आणि खाली हेही लिहा की तुमच्या आईच्या घशातला तुकडा हिनं काढला. दोन्ही लिहा. मग पाठवा."

"तुकडा मी काढला," वहिनी म्हणाल्या.

"मग कुणाच्या बोटांपायी गोमूत्र पाजलंत?"

 मी टेबलावरचं साहेबांचं पेन उचललं. 'आया' ह्या शब्दावर आडवी रेघ मारली. त्या घरात पहिल्यांदा रेघ मी मारली. वर लिहिलं: नर्सिंगची विद्यार्थिनी. इंग्रजीत लिहिलं, मॅट्रिकचं इंग्रजी. "आता तुमची सही करा," मी म्हटलं.

साहेबांनी कागद घेतला. दुमडला. फाडला. हळूच. मग दाखला फाडला. "इतकं केलं तुझ्यासाठी," ते म्हणाले. "आता इथून पुढं तुझा पासपोर्ट कसा होतो बघतो."

तेव्हाच पलीकडच्या खोलीतून आजींचा आवाज आला. "पोरी! शी झाली गं!"

वर्षभर ती हाक आली की माझे पाय आपोआप पळायचे. त्या दिवशीही एक पाऊल पडलंच. आजी परत ओरडल्या. रडवेल्या झाल्या. वास टेबलापर्यंत आला. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, साहेब माझ्याकडं बघत होते. जा ना, असं दोघांच्या तोंडावर.

"वहिनी," मी म्हटलं, "आजपासून कमरेखालीही तुम्हीच."

आणि मी बाहेर पडले. पुढच्या दारानं. मागून आजी "पोरी, पोरी" करत होत्या. मी ऐकलं. थांबले नाही. लोक म्हणतील, दगडाचं काळीज. म्हणू देत. म्हातारीला "सूनच" म्हणता आलं होतं, मला चालता आलं.

जर्मनीची जागा गेली. जामीन मिळाला नाही, पासपोर्ट झाला नाही, हॉस्पिटलानं दुसरी पोर घेतली. मी आठ दिवस रडले. आजींचं पुण्यात पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

नवव्या दिवशी मेरी अक्कानं तिच्या हॉस्पिटलातल्या नर्सिंग शाळेचा अर्ज आणून दिला. म्हणाली, "इथं शीक. तीन वर्षं. मग कुठंही जा, पण स्वतःच्या नावावर." अर्जात रकाना होता: आजारी माणसाच्या शुश्रूषेचा अनुभव, आणि दाखला देणाऱ्याचं नाव. अक्का म्हणाली, मोकळा सोड.

मी सोडला नाही. लिहिलं: रुग्णाच्या घशात अडकलेला केळ्याचा तुकडा दोन बोटांनी काढला. रुग्ण जगला. आणि दाखला देणाऱ्याच्या नावापुढं माझं स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

जात ओळखू येते त्या आडनावावरून. येऊ दे. त्या नावाच्या नर्सपुढं ज्याला तोंड उघडायचं नसेल त्यानं उघडू नये. माझा हात मी आता मागं घेणार नाही.